उंबऱ्यापासून पाण्यापर्यंत

३ जानेवारी २०२४

वर्ष सुरू होऊन तीन दिवस झाले आणि डायरी आज उघडतोय, यावरून माझा उरक कळावा. जळकोटच्या खताच्या दुकानदारानं दिलेली डायरी आहे. पहिल्या पानावर नाव, व्यवसाय, पत्ता अशी जागा आहे. सिद्धाराम ईरण्णा, ग्रामपंचायतीतला संगणक परिचालक, मुक्काम पोस्ट तोरणगी. व्यवसायापुढे 'लेखक' लिहावं असं फार वाटत होतं, पण बायको, शिवप्रिया, मागे उभी होती.

तरी आज लेखक म्हणायला एक कारण मिळालं आहे. पुण्याचं एक मासिक 'किनाऱ्यावरची अपरिचित गावं' असा अंक काढतंय. जाहिरातीवर नारळाची झाडं आणि होड्या. आमच्याकडून समुद्राला जायचं तर एक अख्खी रात्र एसटीत काढावी लागते. पण किनारा म्हणजे समुद्राचाच, असं कुठं लिहिलंय? आम्हाला तलाव आहे आणि तलावाला किनारा आहे. मी तसं संपादकांना कळवलं. आज उत्तर आलं: 'कल्पना वेगळी आहे, पाठवा. नकाशा असेल तर उत्तम.'

शिवप्रियाला दाखवलं. ती म्हणाली, "समुद्राबिगर किनारा. नवऱ्याबिगर वरात काढण्यातला प्रकार झाला की." हसली मात्र खुशीत.

७ जानेवारी

लेख सुरू केला. एकशे बारा घरं, दोन शिक्षकी शाळा, एक मठ, एक पिठाची गिरणी. हे सगळ्याच गावांत असतं. आमच्याकडे वेगळं म्हणजे आमचं जुनं गाव. बेचाळीस वर्षांपूर्वी तलाव झाला तेव्हा ते पाण्याखाली गेलं आणि आम्ही वर माळावर आलो. उन्हाळा जवळ आला की पाणी उतरतं आणि जुन्या घरांची जोती बाहेर येतात. भिंती कधीच विरघळल्या, पण दारांचे दगडी उंबरे अजून जागच्या जागी आहेत. तिथल्या गाळात आम्ही टरबूज आणि जनावरांना कडवळ करतो. सरकारी परवानगी दरवर्षी सगळ्या गावाला मिळून एकच मिळते. आतली वाटणी गावाची. ज्याचा उंबरा, त्याचा वाफा. रुंदी आपल्या दगडापासून शेजाऱ्याच्या दगडापर्यंत, लांबी दगडापासून खाली पाण्यापर्यंत. शिवरात्रीनंतरच्या सोमवारी सगळे आपापल्या उंबऱ्याशी उभे राहतात आणि सरपंच चुन्याची रेघ मारतात. कागद नाही, भांडण नाही.

मी लेखात लिहिलं, 'दगड तिथं वाफा, असा या गावाचा अलिखित कायदा आहे.' वाक्य मला आवडलं.

अप्पांना, म्हणजे वडिलांना, वाचून दाखवलं. एरवी माझ्या लिहिण्याचं नाव काढलं की ते गोठ्याकडे जातात. आज शेवटपर्यंत बसले. मग उठून पेटीतून एक पिवळी यादी काढून आणली. तलावाच्या वेळी सरकारनं केलेली घरांची यादी, मालकांच्या नावांसकट.

"नकाशा काढच," अप्पा म्हणाले. "कुणाचा उंबरा कुठं, समदं येऊ दे. कागदावर आलं म्हंजे आलं."

चौतीस वर्षांत अप्पांनी माझ्या कामात पहिल्यांदा हात घातला. डोळ्यांत पाणी आलं माझ्या, खोटं कशाला सांगू?

११ जानेवारी

नागूबाईकडे गेलो होतो. जुन्या गावातली आठवण सांगणारी आता तीच. सत्तरीची आहे, एकटी राहते, एक म्हैस आहे. टरबुजं जळकोटच्या बाजारात नेते, कडवळावर म्हैस पोसते. तिचा वाफा आमच्या वाफ्याला लागून, पलीकडे ओढा.

मी वही उघडून बसलो, तिनं ताकाचा तांब्या पुढं ठेवला.

"उंबऱ्याचं सांगा, अव्वा."

"काय सांगू? तांबडं फुटायच्या आत उठून उंबरा सारवायचा. मग गोठा. मग पाण्याच्या बारा खेपा. तवर आतली मानसं उठायची. बारा वरसं त्यो उंबरा म्या सारवला, एक दीस चुकला न्हाय."

"आणि घर आतून कसं होतं? सोपा, देवघर?"

"देवघराचं मला ठावं न्हाय. म्या गोठ्याच्या अंगाला निजायची."

जुन्या काळात सुनांना किती राबवायचे, असं मी वहीत लिहून घेतलं.

निघताना तिनं विचारलं, "सिदू, त्या यादीत माझं नाव हाय का रं?"

"घर गुरुसिद्धप्पांच्या नावावर आहे. तुम्ही त्यांच्याच घरातल्या ना?"

ती म्हशीकडे वळली. "असू दे," म्हणाली. "ताक पी."

आमच्या पिढीला एवढंच माहीत आहे की तो नागूबाईचा उंबरा. गुरुसिद्धप्पा सोलापूरला गेले आणि तिकडेच वारले. ही कोण त्यांची, हे आम्ही कधी विचारलंच नाही.

२० जानेवारी

लेख आणि नकाशा पाठवला. नकाशा फार सुरेख झालाय. एकेक उंबरा, एकेक नाव. एका ठिकाणी घासाघीस झाली. मी 'नागूबाईचा उंबरा' लिहिलं होतं. अप्पांनी बोट ठेवलं.

"यादीत काय हाय?"

"गुरुसिद्धप्पा."

"मग तेच लिव्ह. एक खोटं निघालं की समदं खोटं ठरतं."

म्हटलं तर बरोबरच आहे. लेखकानं नेमकं असायला हवं. शेवटी मी 'गुरुसिद्धप्पा यांचे घर' असं लिहून कंसात 'सध्या नागूबाई' टाकलं. अप्पांना कंस आवडला नाही, पण तेवढं मी ऐकलं नाही. आज त्या कंसाचा मला थोडा अभिमान वाटतोय.

६ फेब्रुवारी

अंक आला. कोकणातली आठ गावं आणि आमचं एक. सरपंच अमरनाथ यांनी ग्रामपंचायतीत लेख मोठ्यानं वाचला. 'दगड तिथं वाफा' आल्यावर सगळे माना डोलवायला लागले. अप्पांनी एक अंक घडी घालून कोपरीच्या खिशात ठेवला. ते वाचत नाहीत तरी.

संध्याकाळी सोलापूरहून फोन. शिवप्रसाद नावाचे गृहस्थ. गुरुसिद्धप्पांचे नातू. अंक त्यांच्या बायकोनं वाचला. म्हणाले, "आजोबांच्या घराची खूण शिल्लक आहे हे आम्हाला माहीतच नव्हतं. तुम्ही आमच्यावर उपकार केलेत, सर." मला सर कोणी म्हणत नाही. मी म्हटलं, अवश्य या.

१८ फेब्रुवारी

शिवप्रसाद आले. बरोबर बायको, मुलगी आणि पेढे. माणूस लाघवी आहे. वरचे उंबरे पाण्याबाहेर आलेत, त्यांचाही आलाय. नकाशा हातात धरून आम्ही खाली उतरलो. दगड बघितल्यावर त्यांनी चप्पल काढली, डोकं टेकवलं. मुलीलाही टेकवायला लावलं. मला भरून आलं.

मग म्हणाले, "सर, सोलापुरात बंगला बांधतोय. देवघराला हाच उंबरा बसवावा अशी फार इच्छा आहे. चालेल ना?"

मी अप्पांकडे बघितलं. अप्पा म्हणाले, "दगड त्यांचा हाय. आपण कोण आडवनार?"

जेसीबीवाल्याचा नंबर माझ्याकडे होता. मीच फोन केला. तो तासाभरात आला.

नागूबाई शेण गोळा करून तिकडूनच येत होती. पाटी डोक्यावर घेऊन उभी राहिली. शिवप्रसादांना मी ओळख करून दिली, "या तुमच्याच घरातल्या, नागूबाई." त्यांनी वाकून नमस्कार केला आणि विचारलं, "आपण आमच्या नेमक्या कोण?"

"कुनी न्हाय, मालक," ती म्हणाली. "तुमच्याकडं कामाला व्हते."

दगड उचलायला दहा मिनिटं लागली. खाली ओला गाळ होता.

१९ फेब्रुवारी

कामाला होती. मी सून समजून लिहून मोकळा झालो. तिनं तर सगळं सांगितलं होतं, गोठ्याच्या अंगाला निजायची इथपर्यंत. ऐकायला कान लागतात, माझ्याजवळ फक्त पेन होतं.

२७ फेब्रुवारी

आज जेवताना शिवप्रिया म्हणाली, "यंदा आपला वाफा दुप्पट व्हनार म्हना की."

मी विचारलं, कसा? ती माझ्याकडे बघतच राहिली. "दगड तिथं वाफा. नागूअव्वाचा दगड सोलापूरला गेला. आता आपल्या दगडापासनं थेट वढ्यापर्यंत आपलंच. तुमीच लिव्हलं की."

नियम मीच लिहिला, वाक्य आवडलं म्हणून दोनदा घोळवलं, आणि जेसीबीला फोन करताना तो डोक्यात आला नाही. आला नाही, की मी येऊ दिला नाही? सर, सर म्हणत होते ते. त्या तासाभरात दुसरं काही ऐकू येत नव्हतं एवढं खरं. याहून वाईट काही मनात होतं का, हे मी स्वतःला विचारलं. उत्तर नाही असं आलं, पण फार लवकर आलं.

२९ फेब्रुवारी

अमरनाथना एकटं गाठलं. त्यांचे वडील त्या वेळच्या पंचांत होते. त्यांनी सांगितलं ते तसंच उतरवतो.

"पैल्या साली पानी उतरलं तवा गुरुसिद्धप्पाच्या उंबऱ्याचं काय करायचं, असा सवाल आला. ते तर गेले सोलापूरला. नागूबाईला ना घर ना दार. पंच म्हनले, उंबरा सारवला कुनी? हिनं. मग हिचाच. कागदावर न्हवतं, पर समद्यांला ठाऊक व्हतं. कुनी बोललं न्हाय कधी."

"मग आता?"

"आता तू छापलंस की गुरुसिद्धप्पाचा. आन् दगडबी न्हाय ऱ्हायला." मग म्हणाले, "तुझ्या अप्पानं तवाबी मागितला व्हता त्यो वाफा. शेजारी म्हनून. पंचांनी न्हाय दिला."

अप्पांनी मला हे कधी सांगितलं नाही. विसरले असतील. वय झालंय.

३ मार्च

नागूबाईकडे गेलो. माफी मागायचं ठरवून गेलो होतो. दारात जळकोटचा म्हशीचा दलाल बसलेला. म्हशीचे दात बघून झाले होते. कडवळ नाही तर म्हैस कशावर पोसणार, हे मला कोणी समजावून सांगायची गरज नव्हती.

तो गेल्यावर मी म्हटलं, "अव्वा, माझ्यामुळं झालं हे."

"तू खोटं कुठं लिव्हलास?" ती म्हणाली. "यादीत हाय तेच लिव्हलास. नाव त्यांचंच व्हतं."

"पण पंचांनी तुम्हाला दिलेला."

"पंच मेले, लेकरा."

रागावली असती तर बरं झालं असतं. मी पाय धरायला वाकलो तर म्हणाली, हातपाय शेणाचे हायत, राहू दे. ताकही दिलं. मी ते प्यायलो. का प्यायलो?

८ मार्च, शिवरात्र

उपास. मठात गर्दी. सोमवारच्या वाटणीला उभं राहून बोलायचं ठरवलं आहे. काय बोलायचं ते इथंच लिहून ठेवतो, म्हणजे तिथं चाचरायला होणार नाही.

'गावकरी मंडळी, माझ्या लेखात चूक झाली. दगड तिथं वाफा हे अर्धंच आहे. आपल्या पंचांचा खरा निवाडा, उंबरा सारवील त्याचा वाफा, असा होता. दगड मी घालवला. तेव्हा ओढ्याकडचा वाफा नागूबाईचाच धरावा, ही विनंती.'

'विनंती' खोडून 'आग्रह' केलं. मग पुन्हा 'विनंती'. शिवप्रियाला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "मासिकातल्या लेखापरीस हे झ्याक हाय." लग्नाला नऊ वर्षं झाली, माझ्या लिहिण्याला तिनं पहिल्यांदा बरं म्हटलं.

अप्पांना दाखवलं नाही. सोमवारी ऐकतीलच.

११ मार्च

लिहायला बसलो आहे. जे झालं ते क्रमानं लिहितो.

सकाळी आठला सगळे खाली. जो तो आपल्या उंबऱ्याशी. आमच्या दगडाजवळ अप्पा आणि मी, कडेला शिवप्रिया. आमच्या आणि ओढ्याच्या मध्ये जिथं दगड होता तिथं खड्डा, आणि खड्ड्याच्या कडेला नागूबाई. धुतलेलं लुगडं नेसून आली होती. बेचाळीस वर्षं ती तिथंच उभी राहत आलीय.

अमरनाथ चुन्याची पाटी घेऊन एकेका घराला रेघ मारत आले. आमच्याशी येऊन थांबले.

"हितं दगड न्हाय," ते म्हणाले. "काय करायचं, बोला."

कागद माझ्या खिशात होता. मी खिशात हात घातलासुद्धा.

अप्पा आधी बोलले. त्यांनी कोपरीतून मासिक काढलं, घडी उघडली आणि वर धरलं. "दगड तिथं वाफा. आमच्या सिदूनं लिव्हलंय. पुन्यात छापून आलंय. आता यात बदल करायचा म्हंजे गावाचीच नाचक्की."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. नागूबाईसुद्धा. तिच्या नजरेत काही मागणं नव्हतं. ती फक्त बघत होती.

"सिदू," अमरनाथ म्हणाले, "लिव्हनारा तू. तुजं काय म्हननं?"

मासिकाची पानं वाऱ्यानं फडफडत होती. सगळ्या गावासमोर बापाच्या हातातलं मासिक खोटं ठरवायचं होतं. ते मासिक म्हणजे माझंही एकुलतं एक छापलेलं नाव.

मी म्हणालो, "नियमानं अप्पांचं बरोबर आहे."

हेच शब्द. वेगळे काही बोललो असं पुढं कधी वाटायला लागलं तर हे पान वाचावं.

अमरनाथांनी माझ्याकडे एकदा बघितलं आणि ते खाली वाकले. चुन्याची रेघ आमच्या दगडापासून निघाली ती थेट ओढ्यापर्यंत गेली. नागूबाईच्या पायाशी आली तेव्हा ती एक पाऊल मागे सरकली, रेघ पुसू नये म्हणून.

वर येताना शिवप्रियानं विचारलं, "भाषन कंच्या खिशात व्हतं?" त्यानंतर ती माझ्याशी बोललेली नाही.

१५ मार्च

अप्पांनी टरबूज टोचलं. वयाच्या मानानं फार उत्साहात आहेत. यादीतली तेव्हाची एकशे दोन नावं न बघता सांगतात, कुणाचं घर कुणाला लागून होतं ते सांगतात. पंचांनी वाफा दिला नव्हता, ते मात्र विसरले आहेत. आज मी विचारलं. म्हणाले, "आठवत न्हाय." मग खाली बघून बी टोचत राहिले. मी पुन्हा विचारलं नाही.

नागूबाईची म्हैस परवा दलालाकडे गेली.

२४ मार्च

मासिकाला मी पत्र पाठवलं होतं. आज नवा अंक आला. पान बावन्नवर तळाला चौकट: 'तोरणगी गावाच्या नकाशात एका घरासमोर सौ. नागूबाई यांचे नाव कंसाबाहेर वाचावे. चुकीबद्दल दिलगीर आहोत.' त्यांनी सौ. लावलं. तिचा नवरा ती पंधरा वर्षांची असतानाच गेला, हे मी कळवलं नव्हतं, कारण मलाच ते परवा कळलं.

चौकट तिला नेऊन दाखवायचा विचार केला. कशाला दाखवायची? तिला वाचता येत नाही. आणि वाचता आलं असतं तर आणखीच वाईट.

३१ मार्च

अप्पांना आज सांगून बघितलं, निम्मा वाफा तिला देऊ. म्हणाले, "दान दिलं तर ती घेनार हाय का? इचारून ये." मी गेलो. तिनं घेतलं नाही. "पंचांनी दिलं त्ये माझं व्हतं," म्हणाली. "तू देशील त्ये तुझं ऱ्हाईल." गोठा रिकामा, झाडून स्वच्छ केलेला. परत येताना मला जरा हलकं वाटलं. निदान मी विचारलं तरी, असं काहीतरी. घरी पोहोचेपर्यंत त्या हलकेपणाचीही लाज वाटायला लागली.

६ एप्रिल

खुरपणी काढली. शिवप्रियानं सांगितलं, त्या वाफ्यात मी पाय ठेवणार नाही. अप्पांनी गावातल्या चार बायका सांगितल्या होत्या. सकाळी मी खाली गेलो तर पाच आल्या होत्या. पाचवी नागूबाई. कमरेला खुरपं, डोक्यावर पदर, हातात भाकरीचं गठुडं.

बाकीच्या चौघी दुसरीकडे बघायला लागल्या.

मी म्हटलं, "अव्वा, तुम्ही कशाला?"

"म्हस न्हाय आता. दीस जायला पायजे की." मग तिनं वाफ्यावरून नजर फिरवली, ओढ्यापासून आमच्या दगडापर्यंत, आणि मला विचारलं, "कुठली कड धरू, मालक?"

जन्मापासून तिनं मला सिदू म्हटलं आहे. पाळण्यात घातलं तेव्हा तिनंही माझ्या कानात नाव घेतलं होतं, असं आई सांगायची. मी घरी जा म्हणू शकलो असतो. खुरपं हातातून काढून घेऊन तिच्या जागी मी बसू शकलो असतो. चार बायका ऐकत होत्या, बांधावर अप्पा उभे होते.

मी ओढ्याकडची कड दाखवली.

तिनं पदर खोचला आणि ती बसली. दुपारपर्यंत तिच्या ओळी इतर बायकांच्या पुढं होत्या. कुठं दगड आहे, कुठं माती भुसभुशीत, तिला बघावं लागत नव्हतं.

सुट्टी झाल्यावर अप्पा म्हणाले, "म्हातारीचा हात चांगला हाय. उद्याबी बोलव."

मी हो म्हणालो.